गंध वाळेपर्यंत

कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घरातल्या चंद्रमौलीरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट ती. एका अंगाला पितळी भांड्यांचा व्यापारी, दुसऱ्या अंगाला विड्याच्या पानांचा, आणि मधे चंद्रमौली मांडी घालून बसला की गिऱ्हाइकानं रस्त्यावरच उभं राहायचं. पण नाव मोठं होतं. आडुतुरैपासून स्वामीमलैपर्यंत कुणाच्याही घरचा रेडिओ मुका झाला की लोक म्हणत, रावांकडे न्या, त्यांचं बोट लागलं की बोलेल.

ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. चंद्रमौली खरोखरच बोट लावत असे. मद्रासेहून मागवलेला मीटर दुकानात होता, पण तो सदा फडक्याखाली. चंद्रमौलीची रीत वेगळी होती. सेट उघडायचा, चालू करून चांगला तापू द्यायचा, मग बंद करून वायर भिंतीतून काढायची, मोठ्या कंडेन्सरमध्ये उरलेली वीज स्क्रूड्रायव्हर टेकवून मारायची, आणि उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची पाठ आतल्या एकेका भागावरून फिरवायची. काचेचे व्हॉल्व्ह तापलेले असतात, ते तापायलाच हवेत. ट्रान्स्फॉर्मर कोमट. पण कंडेन्सर गार असला पाहिजे. तो ऊन लागला तर समजायचं की हा आतून गेला. एखादा रेझिस्टन्स चटका देत असेल तर त्याच्या पुढं कुणीतरी नको तितकी वीज खातोय. घरात ताप कुणाला आलाय एवढंच काय ते पाहायचं, असं तो सांगे. बोटांची पाठच का, तर वीज राहिली असली तरी पाठ लागल्यावर हात मिटून मागे येतो. पुढची बाजू लागली तर तो धरून बसतो, आणि मग रेडिओपेक्षा माणसाचीच दुरुस्ती करावी लागते. डावा हात या सगळ्या वेळात पाठीमागे. बोटाचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो लपवतही नसे.

तर पंचावन्न सालच्या ज्येष्ठात इन्नंबूरहून मणी नावाचा एक शेतकरी सेट घेऊन आला. त्याला भाताच्या रोपांबद्दल बोलायचं होतं, आणि चंद्रमौलीला कुणी बोलत असलेलं आवडे. सेट बंद करून त्यानं बोटं फिरवायला घेतली. रोपांची कहाणी रंगात आली होती. मणी मधेच थांबला आणि म्हणाला, काहीतरी करपतंय. चंद्रमौलीलाही वास आला. त्यानं ट्रान्स्फॉर्मर हुंगला, तो ठीक होता. वायरी पाहिल्या, त्याही ठीक होत्या. एकेक कंडेन्सर वाकून पाहिला आणि कोड्यात पडला. शेवटी मणीनंच दाखवलं की राव, तुमची करंगळी त्या काचेला टेकलीय.

होती खरी. व्हॉल्व्हच्या काचेवर कातडीचा पापुद्रा चिकटला होता. चंद्रमौलीनं हात मागे घेतला आणि म्हणाला, सवय आहे. मणी थक्क झाला. त्यानं इन्नंबूरला जाऊन गावभर सांगितलं की रावांच्या हाताला आग लागत नाही.

चंद्रमौली मात्र घाबरला. दुसऱ्या दिवशी सकाळी विशालाक्षीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काफी पुढं ठेवली. कुंभकोणमची काफी चुलीवरून जशी उतरते तशीच पितळी पेल्यात पडते. पेल्याला वरून बाहेर वळलेली कड असते ती शोभेसाठी नव्हे. माणसानं तिथंच दोन बोटांनी धरावा आणि खालच्या वाटीत उंचावरून ओतून निववत प्यावं, यासाठी ती असते. चंद्रमौलीनं त्या दिवशी पेला मुठीत धरला. अंगठा आणि पहिली दोन बोटं चटकन ओरडली. शेवटची दोन गप्प बसली. खात्री करून घ्यावी म्हणून तो धरूनच राहिला, आणि चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून सरस्वतीचं, म्हणजे मुलीचं, तंजावरच्या सासरहून पत्र आलं का हे विचारत राहिला. विशालाक्षी चुलीकडे तोंड करून होती. ती म्हणाली, नाही आलं.

कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. त्याला गजकर्ण समजून तो वर्षभर कडुलिंबाचा पाला चोळत होता. त्या दिवशी दुकानात बसून त्यानं त्या चट्ट्यात सुई टोचून पाहिली, आणि मग सुई जागेवर ठेवून बराच वेळ रस्त्यावरची माणसं पाहत बसला.

त्याला रंगाकाकांची आठवण झाली. रंगाकाका म्हणजे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ. चंद्रमौली लहान असताना त्यांचं केळीचं पान पंगतीतून उचलून मागल्या दारी गोठ्याजवळ गेलं. काफीचा पेला त्यांची बायको काठीनं पुढं सरकवून ठेवत असे. पुढं चंद्रमौलीचं लग्न झाल्यावर एक दिवस गोठ्याजवळचं पानही मांडलं गेलं नाही. ते काशीला गेले असं घरात सांगण्यात आलं, आणि काशीहून पत्र का येत नाही हे कुणी कुणाला विचारलं नाही. महारोग हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. पण पोरासोरांसकट सगळ्यांना तो ठाऊक होता.

विशालाक्षी काठी हातात घेईल असं चंद्रमौलीला वाटत नव्हतं. पण रंगाकाकांच्या बायकोबद्दलही कुणाला तसं वाटलं नव्हतं. त्यानं ठरवलं की ताकास तूर लागू द्यायची नाही.

प्रश्न धंद्याचा होता. बाकीची बोटं शाबूत होती, ती वापरता आली असती असं तुम्ही म्हणाल. त्यानं वापरून पाहिली. पण दोन बोटांनी दगा दिल्यावर त्याचा तिसऱ्यावर विश्वास बसेना. पहिलं बोट सांगे कंडेन्सर ऊन आहे; चंद्रमौली म्हणे, तू खरंच सांगतंस की तूही गेलंस? मग तो तेच बोट स्वतःच्या मानेला लावून पाही, मग पाण्याच्या तांब्याला, मग पुन्हा कंडेन्सरला. तोवर कंडेन्सर निवून जाई. डावा हात वापरावा तर गिऱ्हाईक म्हणणार, राव आता डाव्या हाताला आले.

वाट सापडली ती देवघरात. हा मराठी घरांचा जुना रिवाज: देवाला गंध लावायचं ते अनामिकेनं, म्हणजे नेमक्या गेलेल्या दोन बोटांतल्या एकीनं. सकाळी विठोबाला गंध लावून झालं, समईलाही वरपासून खालपर्यंत ठिपके लावून झाले, आणि चंद्रमौली मंत्र पुटपुटत बसला असताना त्याच्या लक्षात आलं की ज्योतीजवळचा ठिपका वाळून पांढुरका झालाय, मधला अर्धा वाळलाय, आणि तळाचा अजून ओला आणि काळपट आहे. रोजच तसं होत असणार. त्यानं मंत्र तिथंच सोडला आणि उरलेलं गंध वाटीत मागून घेतलं. विशालाक्षीनं कशाला म्हणून विचारलं नाही. वाटी भरून दिली.

दुकानात त्यानं सेट बंद असतानाच आतल्या प्रत्येक भागाच्या अंगावर काडीनं गंधाचा बारीकसा ठिपका ठेवला, वायरींना आणि सांध्यांना जपून, आणि मग सेट चालू करून हात मांडीवर ठेवून बसला. व्हॉल्व्हवरचे ठिपके लगेच उडाले. ट्रान्स्फॉर्मरवरचा सावकाश वाळला. गार राहायला हवेत अशा सगळ्या कंडेन्सरांवर गंध ओलं राहिलं, आणि एकावर मात्र भराभर पांढरं पडत गेलं. तोच बदलला आणि सेट बोलू लागला. चंद्रमौलीला इतका आनंद झाला की त्यानं गिऱ्हाइकाला पान दिलं. बोटाला एका वेळी एकच जागा कळायची, इथं सगळं घर एकदम दिसत होतं. वर हात लावायची गरजच नव्हती.

ते पहिलं गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून हे सगळं पाहत होतं. त्यानं काय पाहिलं? रावांनी रेडिओला गंध लावलं, डोळे लावून शांत बसले, आणि रेडिओ बोलू लागला. त्यानं चप्पल काढून हात जोडले.

झालं. महिन्याभरात गावात कानोकानी झालं की मराठी राव रेडिओची पूजा करून दुरुस्ती करतात. लोक शुक्रवारी सेट आणू लागले. कुणी नारळ आणला, कुणी फुलं. दुरुस्तीनंतर ठिपके पुसू नका असं सांगून जाणारे निघाले. चांगला चालणारा सेट केवळ गंध लावून न्यायला येणारेही निघाले, आणि त्यांच्याकडून चंद्रमौली काही घेत नसे, त्यामुळे पुण्य जास्तच लागतं असं ठरलं. त्यानं कुणालाही खरं सांगितलं नाही. भक्तिभावानं पाहणारा माणूस बोटांकडे बारकाईनं पाहत नाही, हे त्याला लवकर कळलं होतं.

एका गोष्टीनं मात्र या दिवसांत त्याचं डोकं फिरे. घरची काफी कोमट झाली होती. एक दिवस नव्हे, रोज. कुंभकोणममध्ये कोमट काफी पाहुण्याच्या पुढं ठेवली तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. पहिल्या दिवशी त्यानं ती तशीच पिऊन टाकली. मग म्हणाला, लाकडं ओली आहेत का? मग म्हणाला, तुझ्या माहेरी अशीच करतात काय? विशालाक्षी म्हणे, दूध पातळ आलं, चूल नीट पेटली नाही, माझंच लक्ष नव्हतं. पेला धरताना अंगठा आणि पहिली दोन बोटं कडेला लावायचं आता त्याच्या ध्यानात राहत नसे, आणि बाहेर काफी क्लबात जायची तर त्याला भीतीच वाटे. तिथं चार लोकांच्या देखत तो पेला कसा धरतो हे कुणी पाहिलं तर? म्हणून तो ती कोमट काफी प्यायचा आणि कुरकुरायचा. कधी कधी सबंध सकाळ कुरकुरायचा.

श्रावण लागता लागता तिरुभुवनमच्या रेशीम विणकर सोसायटीचे सेक्रेटरी स्वामीनाथ बैलगाडीतून सेट घेऊन आले. सेट आतून काळा ठिक्कर पडला होता. ते भांडायला आले नव्हते, माफी मागायला आले होते. रावांनी लावलेलं गंध फिकट पडलं म्हणून त्यांनी दर शुक्रवारी आतून नवं लावायला सुरुवात केली होती. पुढं कुंकू. पुढं थोडं तीर्थ. गेल्या शुक्रवारी सेट चालू असतानाच तीर्थ शिंपडलं, तेव्हा मोठा आवाज झाला आणि सोसायटीचे सगळे दिवे गेले. पूजेत आपलं काय चुकलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चंद्रमौलीनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आतली पूजा गृहस्थानं करू नये. बाहेरच्या लाकडी पेटीला एक ठिपका पुरे, आणि तीर्थ अजिबात नको. स्वामीनाथांना ते पटलं. त्यांनी जाता जाता चारचौघांना सांगितलं की गंध रावांच्याच हातचं हवं, दुसऱ्याच्या हाताला ते सोसत नाही.

हे बोलणं फिरत फिरत विठ्ठल मठातल्या शामसुंदरबुवांच्या कानी गेलं. बुवा मठाचं भजन चालवत आणि त्यांचा शब्द मराठी घरांत कुणी मोडत नसे. आपल्यातला एक माणूस परक्यांच्या रेडिओंना गंध लावतो आणि आपल्या मठात मागल्या रांगेत टाळ वाजवतो, हे त्यांना बरं वाटेना. ते स्वतः दुकानात आले. गोकुळाष्टमीला मठात येणाऱ्या प्रत्येकाला चंद्रमौलीनं आपल्या हातानं, आपल्या बोटानं, गंध लावायचं, असं ठरवूनच ते आले होते.

चंद्रमौलीनं उजवा हात मांडीखाली घेतला. ज्या बोटाबद्दल त्याला तो संशय होता तेच बोट गावातल्या प्रत्येक मराठी कपाळाला लागणार होतं, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, अष्टमीला तंजावरहून येणाऱ्या सरस्वतीच्या सासरच्यांच्याही. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? हो म्हणावं तर उद्या कुणाच्या कपाळावर चट्टा उठला तर? त्यानं बुवांना हो म्हटलं, कारण बुवा उत्तर ऐकायला थांबलेच नव्हते. त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना. मद्रासला सामान आणायला जावं आणि अष्टमी उलटून यावं असं त्यानं मनात धरलं. मग वाटलं, रंगाकाकांचीही सुरुवात अशीच झाली असेल. चार दिवसांसाठी म्हणून.

अष्टमीला थोडे दिवस राहिले असताना भर दुपारी घोड्याचा एक जटका दुकानासमोर थांबला. उतरले ते डॉक्टर सुब्रह्मण्य. ते गावाबाहेरच्या मिशनच्या इस्पितळात होते, आणि ते इस्पितळ कसलं हे सगळ्यांना माहीत होतं. पितळी भांड्यांचा व्यापारी आत गेला. पानवाल्यानं टोपली आत ओढली. डॉक्टरांना सवय असावी. त्यांनी स्वतःच सेट उचलून आणला आणि तमिळमध्ये सांगितलं की तापला की बंद पडतो, निवला की बोलतो.

चंद्रमौलीनं ठिपके ठेवले. सेट लावला. डॉक्टर रस्त्यावर उभे न राहता सरळ आत येऊन पेटीवर बसले आणि गंध वाळेपर्यंत बसून राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. ते ठिपक्यांकडे एकदा पाहत आणि चंद्रमौलीच्या मांडीवरच्या हाताकडे दोनदा. त्रिचीच्या केंद्रावर वीणा चालली होती. ती हळूहळू बारीक होत गेली आणि थांबली, तेव्हा कोपऱ्यातल्या एका लहान कंडेन्सरवरचं गंध कोरडं ठणठणीत झालं होतं. चंद्रमौलीनं तो बदलला. वीणा परत आली आणि न थांबता वाजत राहिली.

डॉक्टर म्हणाले, युक्ती उत्तम आहे, रोग जागेवर सापडतो. मग म्हणाले, "पण मी तुमचं बोट पाहायला आलो होतो. ते तुम्ही लावलंच नाहीत."

चंद्रमौली म्हणाला की हल्ली पूजा करतो.

"इन्नंबूरचा एक रोगी माझ्याकडे येतो. त्याच्या गावात मणी म्हणून कुणी आहे, तो मोठ्या कौतुकानं सांगतो म्हणे, कुंभकोणमचे एक राव बोट जळत असताना भाताबद्दल बोलत होते. माझ्या इस्पितळात अशी पुष्कळ माणसं आहेत, राव. रेडिओ दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. माझा सेट तसा फारसा बिघडलेला नव्हता, चाललं असतं मला. हात दाखवा."

त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. पिशवीतून दोन काचेच्या नळ्या काढल्या, एकीत समोरच्या काफी क्लबातून ऊन पाणी आणलं, दुसरीत चंद्रमौलीच्याच तांब्यातलं भरलं, आणि त्याला डोळे मिटायला सांगून विचारत गेले, गरम की गार. करंगळीला टेकवलं तेव्हा तो म्हणाला, गार. अनामिकेला टेकवलं, तेव्हाही गार. कोपरावरच्या चट्ट्यालाही गार. पुन्हा करंगळी, चंद्रमौली ठामपणे म्हणाला, गार. डॉक्टरांनी डोळे उघडायला सांगितले. करंगळीला टेकलेली नळी वाफाळत होती.

मग त्यांनी कोपराच्या मागची शीर चाचपली. ती जाड झाली होती. त्यांनी रोगाचं नाव घेतलं, साध्या आवाजात, जसं चंद्रमौली कंडेन्सरचं घेई. चंद्रमौलीला रडू आलं नाही. इतके दिवस जे नाव एकट्यानं सांभाळलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्याला उलट हलकं वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

डॉक्टर पुढं सांगत गेले. आता गोळ्या निघाल्या आहेत. बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण रोग जिथल्या तिथं थांबतो. बोटांची जाणीव परत येईल असं ते सांगू शकत नव्हते. रोगाचे प्रकार असतात, आणि चंद्रमौलीचा प्रकार दुसऱ्याला लागणारा नव्हता. चंद्रमौलीनं अष्टमीच्या गंधाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, लावा, पंगतीतही बसा, फक्त ऊन वस्तूंच्या बाबतीत त्या दोन बोटांची साक्ष घेऊ नका. रेडिओला जसं डोळ्यांनी पाहता तसं स्वतःच्या हातालाही पाहत चला. इथवर सगळं चंद्रमौलीला मान्य होतं. शेवटी ते म्हणाले की बायकोला एकदा तपासायला घेऊन या, तो नियमच आहे, आणि तुम्हाला काय झालंय ते तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती माझ्याकडून ऐकेल आणि तुमच्याकडे पाहील.

चंद्रमौली घरी चालत गेला. वाटेत त्यानं सांगायची पाच-सहा प्रकारची वाक्यं जुळवली आणि दारात पाय ठेवताच सगळी विसरला. विशालाक्षी सहाणेवर चंदनाचं खोड फिरवत बसली होती; अष्टमीचं गंध मठासाठी आधीपासून उगाळून ठेवायचं होतं. तो तिच्यापासून लांब, खांबाला टेकून बसला.

"अगे," तो म्हणाला, "मज बोटांस ऊन-गार कळत नाहीं."

खोड फिरत राहिलं. "मज ठावें आहे," ती म्हणाली.

"महारोग आहे म्हणतात."

"तेंही ठावें आहे."

मग तिनं खोड बाजूला ठेवलं. त्या सकाळी सरस्वतीचं पत्र विचारत त्यानं पेला मुठीत धरला, तेव्हा तिचं तोंड चुलीकडे होतं, पण चुलीमागं घासूनपुसून ठेवलेलं पितळी पातेलं होतं आणि त्यात तिला मागचं सगळं दिसत होतं. तोच पेला तिनं स्वतः पदरानं धरून आणला होता. सासरी आली तेव्हा रंगाकाकांचं पान गोठ्याजवळ मांडायचं काम नव्या सुनेकडेच होतं, त्यामुळे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पेला त्याच्या मुठीत पाहिला त्या दिवशी ती विहिरीवर जाऊन रडली आणि घरी आली.

चंद्रमौलीनं विचारलं, मग बोलली का नाहीस?

"बोललें असतें तर तुम्ही काशीस गेलां असतां," विशालाक्षी म्हणाली. "मी भ्यालें. म्हणून बोललें नाहीं. तवापासून काफी निववून देतें."

चंद्रमौलीला आता रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. लाकडं ओली आहेत का, तुझ्या माहेरी अशीच करतात काय, हे सगळं त्याला एकेक करून आठवायला लागलं. ते बरंच होतं, त्यामुळे वेळ लागला. गंधाची वाटी ती काही न विचारता का देत होती हेही त्यानं विचारलं. तिला त्या ठिपक्यांचं काही कळलेलं नव्हतं. गंध नेल्यापासून हाताला नवे फोड येत नाहीत एवढं तिनं पाहिलं, आणि रोज थोडं जास्त उगाळू लागली.

ती उठून जवळ आली, त्याचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. तिनं तो धरलाय हे त्याला डोळ्यांनी कळलं, त्या दोन बोटांना नाही.

अष्टमीला मठात चंद्रमौलीनं गंध लावलं. अनामिकेनंच लावलं, रिवाजाप्रमाणे. कपाळ ऊन की गार, घामेजलेलं की कोरडं, हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं सगळ्यांना सारखंच लावलं, आणि शामसुंदरबुवांनी यालाच समदृष्टी म्हणतात असं भजनाच्या मधे सांगितलं. विशालाक्षी बायकांच्या रांगेत पहिली उभी होती. बायकांनी पुरुषाच्या हातचं गंध तळहातावर घ्यायची रीत होती; तिनं हात पुढं केला नाही, कपाळ पुढं केलं. बायकांत थोडी कुजबुज झाली.

पुढल्या आठवड्यात दोघं जटक्यानं मिशनच्या इस्पितळात जाऊन आली. तिला काही नव्हतं. त्याला गोळ्या मिळाल्या. शेजारणीनं कुठं गेला होतात विचारलं तेव्हा विशालाक्षीनं इस्पितळाचं नाव सरळ सांगितलं, आणि शेजारीण दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा रेडिओ बिघडला.

इस्पितळातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रमौली मुद्दाम लवकर उठून पाटावर बसला होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. पेला कडेला धरीन, पण काफी चांगली चुलीवरची हवी, असं त्यानं सांगितलं. विशालाक्षीनं काफी आणली. वाफ छतापर्यंत जात होती. त्यानं हात पुढं केला, आणि सवयीनं सगळा हात पुढं आला.

तिनं पेला मागं घेतला. देवघरातून गंधाची वाटी आणली, पेल्याच्या पोटावर एक ठिपका लावला आणि पाहत बसली. ठिपका बघता बघता पांढरा झाला. तिनं काफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली, पुन्हा वाटीत. मग नवा ठिपका लावला. तोही वाळला, जरा सावकाश. चंद्रमौली ठिपक्याकडे पाहत राहिला. हे काम कसं करायचं असतं त्याला माहीत होतं, घाई करून चालत नाही. ती ओतत राहिली. तिसरा ठिपका ओला राहिला.

"आतां धरा," ती म्हणाली.

त्यानं पेला मुठीत धरला आणि प्याला. काफी पार कोमट झाली होती. त्यानं ती शेवटपर्यंत संपवली आणि आणखी एक पेला मागितला.